घोडा, तलवार आणि मास्टर विठ्ठल

आपल्या कामथडीवरून जाणारा सातारा रस्ता पुढे कोल्हापुरास पोचतो. त्या कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, मास्टर विठ्ठल घडले. ‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये ते पडद्यावर आले ते चक्क नर्तकीच्या वेषात! पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांच्या हाती तलवार दिली. अमेरिकेत टेलिव्हिजनवर घोडेस्वार नायक दौडू लागले त्याच्या कितीतरी आधी आपला पिटातला प्रेक्षक विठ्ठलांच्या उड्यांवर खूश होता. हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स अशी त्यांची ख्याती झाली.

अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’साठी त्यांना बोलावले, तेव्हा शारदाने करारभंगाबद्दल कोर्टात खेचले. विठ्ठलांची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी, आणि निकाल विठ्ठलांसारखा लागला. दैवाचा खेळ मात्र पुढेच होता. भांडून मिळवलेला हा चित्रपट बोलपट, आणि विठ्ठलांना हिंदुस्थानी उच्चार साधेनात! मग नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवून संवाद आटोपते घेतले गेले. यावरून त्यांना हसणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे सारे शरीर बोलत होते, त्याच्याकडे आता फक्त जीभ मागितली जात होती.

१९३३ साली त्यांनी ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. त्यात शाहू मोडकांची दुहेरी भूमिका होती. नंतर मात्र दुय्यम भूमिका वाट्याला आल्या. १९६९ मध्ये ते वारले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.