शरीराचा चित्रकार : डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

आमच्या हिंगोलीच्या शिवारात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. कापूस वेचताना, हळद काढताना, गुरांमागे हिंडताना काटा मोडतो, तो सुईने काढला जातो आणि माणूस पुन्हा कामास लागतो. परंतु क्वचित एखाद्याच्या पायात त्या काट्याबरोबर मातीतील बुरशीही शिरते. प्रथम एक कठीण गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. महिने लोटतात, वर्षे लोटतात. पाऊल सुजून बेढब होते, त्यास छिद्रे पडतात, आणि त्यांतून पुवाबरोबर बंदुकीच्या दारूसारखे काळे कण बाहेर येऊ लागतात. आज जगातील सर्व डॉक्टर या रोगास मायसेटोमा म्हणतात. हे नाव १८६० साली मुंबईत ठेवले गेले, आणि ते ठेवणारा गृहस्थ हातात पेन्सिल घेऊन रोगाकडे पाहणारा होता. त्याचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे आणि त्यांच्या मातापित्यांपुढे ठेवीत आहोत.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगांत समुद्राची व गलबतांची चित्रे काढून संसार चालवीत. भाऊही चित्रकारच. मुलाच्या नावातील व्हॅन्डाइक हा शब्द एका जुन्या थोर चित्रकाराचा आहे, यावरून त्या घराचा कल कळून येईल. पण हेन्रीने कुंचल्यावर पोट भरण्याचे मनात आणले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात तो लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यक शिकण्यास गेला. आणि घरातून आणलेली चित्रकला तेथे त्यास सोडावी लागली नाही, उलट तिचा खरा उपयोग तेथेच झाला. पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत मनुष्याच्या व इतर प्राण्यांच्या शरीररचनेचा त्याने अभ्यास केला आणि सूक्ष्मदर्शक यंत्र हाताळण्यात तो तरबेज झाला.

स्वभावाने कार्टर मोठे लाजरे व स्वतःविषयी सदा साशंक होते. त्यांच्या रोजनिशा लंडनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत हा तरुण आपल्या आळसाबद्दल, आपल्या अपुऱ्या श्रद्धेबद्दल आणि आपल्या हातून काही होणार नाही या भीतीबद्दल पुनःपुन्हा लिहितो. परीक्षेच्या आधी ज्यांचे पाय लटपटतात त्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे, कारण ज्या वर्षांत हा तरुण स्वतःस निरुपयोगी ठरवीत होता, त्याच वर्षांत त्याच्या हातून जगातील एका प्रख्यात ग्रंथाची चित्रे उतरत होती.

तो ग्रंथ म्हणजे हेन्री ग्रे यांचे शरीररचनाशास्त्र. ग्रे हे त्याच रुग्णालयात शिकविणारे, कार्टरांहून चार वर्षांनी मोठे, हुशार आणि महत्त्वाकांक्षी शल्यवैद्य होते. १८५५ च्या अखेरीस त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक सचित्र ग्रंथ करण्याची कल्पना काढली आणि चित्रांचे काम कार्टरांकडे आले. सुमारे दीड वर्ष दोघे शवविच्छेदनाच्या खोलीत खपत होते. एकाने लिहावे, दुसऱ्याने काढावे. ग्रंथ १८५८ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ३६३ चित्रे होती.

ही चित्रे कशी तयार होत, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. त्या काळी छायाचित्र पुस्तकात छापण्याची सोपी रीत निघाली नव्हती. चित्र गुळगुळीत लाकडी ठोकळ्यावर काढावयाचे, मग ठसे कोरणाऱ्या कारागिराने रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढावयाचे, आणि तो ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर यंत्रावर चढवावयाचा. ठसा छापताना उलटतो. म्हणून ठोकळ्यावरील चित्र उलटे, आरशात दिसते तसे असावे लागे. डावा हात उजवा काढावयाचा आणि त्यावरील नावेही उलट्या अक्षरांत लिहावयाची. आरशात पाहून स्वतःचे नाव लिहून पाहावे, म्हणजे हे काम काय असेल ते ध्यानात येईल.

परंतु कार्टरांची खरी कर्तबगारी हस्तकौशल्यापलीकडची होती. तत्पूर्वीच्या पुस्तकांत चित्रे लहान असत आणि त्यांवर बारीक अंक किंवा अक्षरे घातलेली असत. विद्यार्थ्याने चित्रात सातचा आकडा पाहावा, मग खाली यादीत सातवे नाव शोधावे, पुन्हा चित्राकडे यावे. तोवर पहिले विसरलेले असे. कार्टरांनी चित्रे मोठी काढली आणि नाव थेट अवयवावरच लिहिले. शिरेचे नाव शिरेच्या वळणाने धावते, स्नायूचे नाव स्नायूवर पसरते. नकाशावर गोदावरीचे नाव गोदावरीच्याच प्रवाहालगत लिहिलेले असते, तसेच हे. डोळ्यास एकदा दिसले की नाव व जागा यांची गाठ बसते. पानाची मांडणी हीसुद्धा वैद्यकाची सेवाच होय, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिनी नेमकी कोठे आहे हे ज्याच्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहते, त्या डॉक्टरच्या हाताखालील रोगी सुखरूप राहण्याचा संभव अधिक.

ग्रंथ निघाला आणि गाजला. पण कार्टरांच्या वाट्यास काय आले? एकदाच दीडशे पौंड. ग्रे यांना मात्र प्रत्येक हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळावयाचे होते. मुद्रणापूर्वी पहिल्या पानाचा कच्चा खर्डा ग्रे यांच्यापुढे आला. त्यावर दोघांची नावे सारख्याच मोठ्या टायपात जुळविली होती. ग्रे यांनी कार्टरांचे नाव लहान करावयास सांगितले आणि त्यांच्या मुंबईच्या अध्यापकपदाचा उल्लेख खोडून टाकला. तो खर्डा शिल्लक राहिला, म्हणून ही गोष्ट आज कळते. त्याआधी प्लीहेवरील ग्रे यांच्या ग्रंथासाठीही कार्टरांनी चित्रे काढली होती, आणि तेथे तर त्यांचे नावच आले नव्हते. ग्रे हे मोठे शास्त्रज्ञ होते यात शंका नाही. १८६१ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी, आजारी पुतण्याची शुश्रूषा करीत असता देवी येऊन ते वारले, आणि त्या मृत्यूबद्दल कोणासही हळहळच वाटेल. तथापि सहकाऱ्याच्या नावाची अक्षरे त्यांनी लहान करविली, हे कृत्य आम्हांस त्यांच्या थोरवीस शोभणारे वाटत नाही.

ग्रंथ छापखान्यात असतानाच कार्टर समुद्रावर होते. १८५८ च्या आरंभी ते वैद्यकीय नोकरीत शिरून मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागले. हे महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले होते, आणि त्यास लागूनच सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय. त्या काळची मुंबई चित्रांच्या बाबतीत मागासलेली नव्हती. १८५४ सालीच येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. नारायण दाजी, म्हणजे सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, हे उत्तम छायाचित्रकार म्हणून नावाजलेले होते. वैद्य आणि कॅमेरा यांची मैत्री महाराष्ट्रात इतकी जुनी आहे!

मुंबईत कार्टरांपुढे असे पाय येऊ लागले की जे लंडनमध्ये कोणी पाहिले नव्हते. हा रोग मद्रासकडील मदुरेच्या डॉक्टरांनी त्यापूर्वी वर्णिला होता आणि मदुरेचा पाय असे त्याचे नाव पडले होते. पण त्याचे कारण कोणास उमगले नव्हते. कार्टरांनी कापून काढलेली पावले घेतली, उभी चिरून आतील पोकळ्या पाहिल्या, कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि जे दिसले ते रंगासह कागदावर उतरविले. काही रोग्यांत कण काळे, काहींत फिकट, क्वचित तांबडे. ही बुरशीची बाधा आहे असे त्यांनी सांगितले. रंगांवरून केलेले हे भेद पुढे उपयोगी पडले. कारण काही प्रकारांत बुरशी असते आणि काहींत बुरशीसारखे दिसणारे जीवाणू असतात, आणि दोहोंची औषधे वेगळी, हे आज ठाऊक आहे. १८७४ साली त्यांचा मायसेटोमावरील ग्रंथ रंगीत चित्रांसह लंडनमध्ये निघाला. तोवर ते काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन राहून आले होते.

येथे कोणी विचारील की छायाचित्र असता हाताने चित्र काढण्याचे कारण काय? कारण असे की कॅमेरा समोरचे सर्वच दाखवितो. रक्त, चरबी, सावल्या, सारे एकात एक मिसळते, आणि त्या काळच्या छायाचित्रात तर रंगही नव्हता. चित्रकार मात्र निवड करतो. शीर ठळक करतो, भोवतालची चरबी गाळतो. उलटपक्षी, निवडणाऱ्याचे डोळे चुकले तर चित्रही खोटे बोलते. तेथे छायाचित्राची साक्ष मोलाची. रुग्णालयास दोघांचीही गरज आहे, आणि कार्टरांच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १८९५ साली, राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढल्यावर तर शस्त्र न लावता आतील हाडाचे चित्र मिळू लागले. आज पोटातील बाळाची हालचाल पडद्यावर दिसते, आणि नळीच्या टोकावरील चिमुकल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या व्हिडिओकडे पाहत डॉक्टर शस्त्रक्रिया करतात.

कार्टरांनी महारोगाचाही पिच्छा पुरविला. या रोगात मज्जातंतू कसे जाड होतात व बिघडतात हे त्यांनी मुंबईत शवे तपासून दाखविले. १८७३ साली ते नॉर्वेस जाऊन तेथील महारोग्यांची रुग्णालये पाहून आले. त्याच वर्षी त्याच देशात हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू आढळला होता. रोग्यांस वेगळे ठेवावे असे कार्टरांचे मत पडले. औषध नसलेल्या काळातील हे मत होते. आज औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो आणि रोग्यास घराबाहेर काढण्याचे काहीएक कारण उरलेले नाही, हे आमच्या वाचकांनी गावोगाव सांगावे.

पुढे १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. दख्खनच्या गावांतून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईकडे चालले, आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. तो आठवडाभर राही, उतरे, रोगी बरा झालासे वाटे, आणि काही दिवसांनी पुन्हा उलटे. बर्लिनच्या ओबरमायर यांनी अशा रोग्यांच्या रक्तात मळसूत्री आकाराचे जंतू पाहिले होते. कार्टरांना तेच जंतू मुंबईच्या दुष्काळग्रस्तांच्या रक्तात सापडले. तापात दिसतात, ताप उतरला की नाहीसे होतात, हे त्यांनी रोग्यामागून रोगी तपासून नोंदविले; माकडांना हा रोग देऊनही दाखविला. १८८२ साली या तापावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लाव्हेराँ यांनी हिवतापाचे जंतू शोधल्यावर हिंदुस्थानात ते प्रथम ओळखणाऱ्यांतही कार्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले, आणि तीस वर्षांची नोकरी संपवून १८८८ साली ते मायदेशी परतले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयरोगाने त्यांचा अंत झाला.

कार्टरांचे नाव लहान झाले, ही तक्रार योग्यच आहे. पण त्यांच्या चित्रांत असे कित्येक आहेत की ज्यांचे नाव मुळी नाहीच. लंडनच्या शवविच्छेदनगृहात येणारी शवे बहुधा गरिबांची, ज्यांस न्यावयास कोणी आले नाही अशांची असत. १८३२ च्या कायद्याने तशी मोकळीक दिली होती. कार्टरांनी त्यांचे चेहरे शांत, झोपी गेलेल्या माणसासारखे काढले. मुंबईच्या शेतकऱ्या-मजुरांचे पाय रंगीत पानांवर गेले, पण त्यांस कोणी विचारले असेल असे आम्हांस वाटत नाही. आज रुग्णालयात रोग्याचे छायाचित्र घ्यावयाचे तर आधी त्याची संमती घ्यावी आणि चेहरा झाकावा, असा नियम आहे. हाती मोबाइल असलेल्या आमच्या तरुणांनी दवाखान्यात नातेवाइकाचे चित्र काढून चहूकडे पाठविण्यापूर्वी हा नियम आठवावा.

मायसेटोमा अद्याप गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्यास उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. तो ज्यांस होतो ते बहुतेक अनवाणी राबणारे असतात आणि दुखत नाही म्हणून दवाखान्यात फार उशिरा येतात. त्यांपैकी पुष्कळांस वाचता येत नाही. पण भिंतीवर लावलेले गाठीचे, छिद्रांचे, काळ्या कणांचे चित्र पाहून आपला पाय ओळखता येतो.

ग्रे यांचा ग्रंथ पुढे नवनव्या आवृत्त्यांनी वाढत गेला. १९३८ साली त्याचे अधिकृत नावच ग्रे यांच्या नावावरून पडले, आणि २०२० साली त्याची ४२ वी आवृत्ती निघाली. १८५८ च्या जुन्या चित्रांची पुनर्मुद्रणेही विकली जातात. हिंगोलीस २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. आमच्यापैकी कोणी पुढे तेथे शिकावयास जाईल, ग्रंथालयात तो जाडजूड ग्रंथ मागेल आणि पायाचे चित्र उघडील. शिरेचे नाव त्यास शिरेजवळच सापडेल.