रहीमसाहेब : हैदराबादचे एक शाळामास्तर

सय्यद अब्दुल रहीम हे नाव आजच्या मुलांना ठाऊक झाले ते २०२४ साली निघालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे. चित्रपट म्हटला की त्यात थोडे तिखटमीठ यायचेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावर दिसतात ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. त्याआधी हैदराबादच्या शाळांतून मुलांना शिकविणारे रहीम मास्तर तेथे फारसे भेटत नाहीत. या स्मरणिकेचे वाचक बहुतेक शिक्षक, विद्यार्थी आणि पालक. म्हणून त्या मास्तरांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील मुलेही उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठीत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तेथेच रहीमसाहेब पदवीधर झाले, विद्यापीठाकडून फुटबॉलही खेळले. पुढे काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. वर्गात शिकविण्याची पात्रता असलेल्या माणसाने मैदान निवडावे, हे पुष्कळांना आजही विचित्र वाटेल. परीक्षा तोंडावर आली की वेळापत्रकातून पहिला गळतो तो खेळाचा तास, आणि त्या तासाच्या शिक्षकाला शिक्षक-खोलीत कोणता मान मिळतो, हे आपण सारेच जाणतो.

मुलांना फुटबॉल शिकविताना रहीमसाहेबांनी वर्गातलीच युक्ती वापरली. ज्या विषयात मूल कच्चे, त्याचाच सराव जास्त! उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलाचा डावा पाय नुसता आधाराला असतो. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की, चेंडू फक्त कच्च्या पायानेच मारायचा. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी असे. चेंडू मिळाला की लगेच सोबत्याकडे द्यायचा, एकट्याने पळवत न्यायचा नाही. आपल्याकडे मैदानावरील हुशार मुलगा चेंडू पायाशी घेऊन तिघा-चौघांना चकवू पाहतो, टाळ्या मिळवितो आणि शेवटी चेंडू गमावितो. त्या सवयीवर हा उतारा होता. नियमच असा केला की उपदेशाची गरज उरली नाही. तुळसीदास बलराम हा सिकंदराबादेकडील अत्यंत गरीब घरचा मुलगा. सरावाला येण्याजाण्याचे पैसे त्याच्याकडे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी भाड्याच्या सायकलची सोय केली. तोच बलराम पुढे भारताच्या आघाडीच्या फळीतील नामवंत खेळाडू झाला.

हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडविला तो याच रीतीने. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे जिंकली. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपदही त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

१९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. लगेच पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीमसाहेबांनीही धडा घेतला. १९५६ साली मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने नमविले. मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझांनी त्या सामन्यात ३ गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिलेच आशियाई खेळाडू. भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. त्या चमूत रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीमही होते, पण त्यांना एकाही सामन्यात उतरता आले नाही. मुलगा म्हणून जागा मिळत नसे, एवढा अर्थ त्यातून काढायला हरकत नसावी.

आणि मग जकार्ता, १९६२. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी वगळले, त्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, आणि तेथील जनमत भारताविरुद्ध इतके खवळले की भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. पहिला सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरलो. थायलंडविरुद्ध जिंकलो, पण बचावपटू जर्नेलसिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. जपानलाही हरवून संघ उपांत्य फेरीत गेला. अशा जखमी बचावपटूला कोणीही विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरविले! दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला. अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या पोरांजवळ सुवर्णपदक भेट म्हणून मागितले, अशी आठवण पी. के. बॅनर्जी सांगत असत. तापातून उठलेल्या तंगराज यांना त्यांनी गोलात उभे केले. ४ सप्टेंबर रोजी सुमारे १ लाख प्रेक्षकांच्या हुर्यो-आरडाओरड्यात बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि दुसरा त्याच जर्नेलसिंगांनी. भारत २-१ ने जिंकला.

रहीमसाहेबांना सिगारेटची सवय होती. मुलांपुढे त्यांचे चरित्र ठेवताना हेही लपवू नये. फुफ्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जकार्तानंतर भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला ब्राँझ मिळाले, त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे हैदराबादचेच. तेही पुढे प्रशिक्षक झाले आणि १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. तोवर रहीमसाहेबांना जाऊन २२ वर्षे झाली होती.