गृहवासातील विरागी : आचार्य श्री शांतिसागर महाराज

चारित्रचक्रवर्ती परमपूज्य आचार्य श्री शांतिसागर महाराजांचे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहते ते कुंथलगिरी सिद्धक्षेत्र. १४ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे महाराजांच्या सल्लेखनेस आरंभ झाला आणि १८ सप्टेंबर रोजी त्यांचे समाधिमरण झाले. ते ३६ दिवस आपल्या समाजातील घराघरांत आजही स्मरले जातात. मात्र महाराजांच्या ८३ वर्षांच्या आयुष्यातील निम्म्याहून अधिक काळ गृहवासात गेला आणि त्यातील सुमारे २५ वर्षे तर मनाने संसार सुटल्यानंतरची होती, याचा विचार फारसा होत नाही.

इ. स. १८७२ मध्ये येळगूळ या आजोळी महाराजांचा जन्म झाला. घराणे भोज गावच्या पाटलांचे. दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव आज बेळगाव जिल्ह्यात आहे. पिता भीमगौडा, माता सत्यवती. आदिगौडा व देवगौडा हे थोरले बंधू, कुमगौडा धाकटे आणि कृष्णाबाई ही भगिनी. महाराजांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगौडा. तत्कालीन रूढीप्रमाणे नवव्या वर्षीच त्यांचा विवाह झाला. परंतु काही महिन्यांतच ती बालिका निवर्तली. पुढे दुसऱ्या विवाहाची बोलणी निघाली, तेव्हा त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला व ब्रह्मचर्याचा मार्ग पत्करला.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास निर्ग्रंथ दीक्षा घेण्याची भावना त्यांच्या मनात दृढ झाली. पित्याने विरोध केला नाही. आम्ही हयात आहोत तोवर घरीच राहून धर्मसाधना कर, एवढीच त्यांची इच्छा होती. भीमगौडा स्वतः व्रती होते. १६ वर्षे दिवसातून एकदाच भोजन व ब्रह्मचर्यपालन असा त्यांचा नियम होता. अशा पित्याचा शब्द मोडणे सोपे नव्हते आणि मनाला मुरड घालून घरात राहणे त्याहून कठीण होते. सातगौडांनी कठीण ते स्वीकारले. काही जण या विलंबाला मोहाचे बंधन समजतील. परंतु माता-पित्यांच्या निधनापर्यंत त्यांनी व्रतही सोडले नाही आणि घरही सोडले नाही, हे पाहता त्या काळाला दीक्षेची पूर्वतयारी म्हणणेच अधिक न्याय्य ठरेल.

घरात राहायचे तर घरची कामे आलीच. सातगौडांचे शरीर बलदंड होते. बैलांनी ओढायची मोट ते स्वतः ओढीत असे चरित्रकार सांगतात. पिकावर पाखरे उतरली तर मात्र ते त्यांना हुसकावीत नसत. उलट त्यांच्यासाठी शेतात पाणी भरून ठेवीत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी राखणाऱ्यास याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. माळ्यावर चढून गोफण फिरविणाऱ्या माणसाला असा राखणदार वेडाच वाटेल!

घरच्या कापडाच्या दुकानाचीही तीच कथा. दुकान मुख्यतः कुमगौडा पाहत. ते नसताना गिऱ्हाईक आले तर सातगौडा त्याला कापड दाखवीत आणि हवे तेवढे मापून घेऊन वहीत स्वतःच नोंद करावयास सांगत. लोक त्यांच्या विश्वासाला जागले, असेच वर्णन आढळते. तरीही येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एक भाऊ असा निर्लेप राहू शकला, कारण इतर भावांनी शेती, दुकान व पाटीलकीचा भार विनातक्रार वाहिला. चरित्रग्रंथांत त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत.

विरक्तीने माणूस रुक्ष होतो, हा समज सातगौडांच्या बाबतीत खरा ठरला नाही. रुद्रप्पा नावाचे एक लिंगायत गृहस्थ त्यांचे जिवलग मित्र होते आणि दोघांची तत्त्वचर्चा चाले. महात्मा बसवेश्वरांचे वास्तव्य लाभलेल्या मंगळवेढ्यात तरी अशा मैत्रीचे नवल वाटू नये. प्लेगच्या साथीत रुद्रप्पांना त्या रोगाने गाठले. ज्या रोगाच्या भयाने माणसे गाव सोडून रानात झोपड्या बांधीत, त्या रोगात सातगौडा मित्राच्या उशाशी बसले व अखेरच्या क्षणी त्याला धर्मस्मरण करविले. बोरगावच्या आदिसागर मुनींना संगमाच्या पाण्यातून पलीकडे नेताना ते त्यांना आपल्या खांद्यावर घेत. वयाच्या ३२ व्या वर्षी श्री सम्मेदशिखरजीची यात्रा घडली, तेव्हा डोंगर चढताना थकलेल्या एका वृद्धेलाही त्यांनी पाठीवर घेतले. त्या यात्रेत त्यांनी तूप व तेल यांचा आजन्म त्याग केला. घरी परतल्यावर ते एकभुक्त राहू लागले. कुटुंबाच्या पंगतीत बसणारा माणूस हळूहळू पंगतीतून उठत होता. पण त्यासाठी कोणाशी वाद झाला नाही.

माता-पित्यांच्या पश्चात १९१५ मध्ये उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती स्वामींकडून त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली आणि सातगौडांचे शांतिसागर झाले. घराशी जुळवून घेणे संपले, तरी समाजाशी जुळवून घेण्याचा प्रश्न आता उभा राहिला. त्या काळी त्यागी जनांच्या आहाराची व्यवस्था उपाध्याय आधीच ठरवून ठेवीत आणि लोकांनाही तीच रीत ठाऊक होती. शांतिसागरांनी शास्त्रोक्त विधीनेच आहार घेण्याचे ठरविले. विधी जाणणारे श्रावक न भेटल्याने त्यांना उपवास घडले. घरात पित्याच्या शब्दासाठी थांबलेला हा पुरुष येथे मात्र तसूभरही हटला नाही. अखेर श्रावकांनीच विधी शिकून घेतला.

१९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा, १९२४ मध्ये समडोळी येथे आचार्यपद आणि पुढे ससंघ उत्तर भारतात केलेला विहार हा इतिहास सर्वपरिचित आहे.

भोजच्या घराचा धागा मात्र तुटला नव्हता. थोरले बंधू देवगौडा यांनीही पुढे दीक्षा घेतली व ते मुनी वर्धमानसागर झाले. मुनिसंघात ज्येष्ठत्व जन्माने नव्हे, दीक्षेने ठरते. त्यामुळे वयाने वडील असलेले वर्धमानसागर महाराज, ज्याच्या वाट्याची शेतीची कामे त्यांनी एके काळी उचलली होती, त्या धाकट्या भावाला नमोस्तु करीत.