वेळ पाळणारे विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन असतो. फोटोला हार घालतात, चहापाणी होते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. फोटोतले ते म्हैसुरी फेटेवाले गृहस्थ, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, कर्नाटकचे म्हणून आपल्याला जरा लांबचे वाटतात. पण त्यांचे इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्यात झाले आणि १८८४ ते १९०८ अशी चोवीस वर्षांची नोकरी त्यांनी मुंबई इलाख्यात केली. पहिली नेमणूक नाशिकला, नंतर खानदेश.

जन्म मुद्देनहळ्ळी या लहान खेड्यातला. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा पुण्याला येता आले. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत १८८३ साली पहिले आले आणि लगेच सरकारी नोकरी लागली.

वेळेच्या बाबतीत हा माणूस अतिशय काटेकोर. ठरल्या वेळी हजर, तेही फेटा-कोट नीट घालून. समोरच्यानेही वेळ पाळावी अशी अपेक्षा. पण हे नुसते घड्याळाचे वेड नव्हते. त्यांच्या कामाची जातच तशी होती.

धुळे भागात पांझरा नदीच्या पात्रातून पाणी पलीकडे नेण्यासाठी सायफन बांधायचे काम या तरुण इंजिनिअरकडे आले. पावसाळा सुरू झाला, पूर येऊ लागले, पाया घालणे अवघड झाले. त्यांनी वरिष्ठांना लिहिले की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे. वरिष्ठांना ते रुचले नाही, कडक उत्तर आले. विश्वेश्वरय्यांनी वाद न घालता काम पुन्हा सुरू केले. एकदा तर पुरामुळे पलीकडे अडकले आणि पोहून परत यावे लागले. पण दोन महिन्यांत सायफन पूर्ण केला.

पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनी धरणाचे स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडायचे. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पिकांची फेरपालट ठरवून पाणी पाळीपाळीने द्यायचे, म्हणजे वरच्या चार गावांनीच सगळे पाणी न घेता खालच्या गावांनाही मिळावे. पाणीपाळी म्हणजे काय हे जालनेकरांना वेगळे सांगायला नको. वरचा माणूस तासभर जास्त मोटार चालवतो, तेव्हा खालच्याचे शेत कोरडे राहते. उशीर एकाचा असतो, भोगतो दुसरा.

मूसी नदीला १९०८ साली महापूर आला आणि हैदराबादेत हाहाकार उडाला. तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. आपले जालनाही त्या वेळी निजामाच्या राज्यातच होते. पूर अडवण्यासाठी वरच्या बाजूला धरणे बांधण्याची योजना त्यांनी दिली. तिथून ते म्हैसूरला मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरच्या कृष्णराजसागराच्या पहिल्या टप्प्याला जुलै १९१५ ची मुदत होती, कारण कोलारच्या सोन्याच्या खाणींना जादा वीज देण्याचे वचन दिलेले होते. पूर आले, मजुरांत हिवताप पसरला, तरी रात्री दिव्यांच्या उजेडात काम चालू ठेवून मुदत पाळली.

मी बँकेतला माणूस, म्हणून हेही सांगतो की बँक ऑफ म्हैसूर १९१३ साली त्यांच्याच दिवाणगिरीत सुरू झाली. आणि स्टीलच्या या गावासाठी आणखी एक गोष्ट. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता, तेव्हा त्याची धुरा त्यांनी काही वर्षे सांभाळली.

नव्वदी ओलांडल्यावर बिहारात गंगेवरच्या मोकामा पुलाची जागा ठरवण्यासाठी त्यांचाच सल्ला घेतला गेला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले आणि एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते गेले.

आपल्या सोसायटीत अनेक जण रोलिंग मिलमध्ये, बियाणे कंपन्यांत पाळीने काम करतात. रिलिव्हर आला नाही तर रात्रपाळीच्या माणसाला घरी जाता येत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. बँकेतही तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. एक जण उशिरा आला की दुसऱ्याची किल्ली काही कामाची नाही, आणि काउंटरसमोर पेन्शनसाठी आलेली म्हातारी माणसे ताटकळत उभी. त्यांचा वेळ आपण खर्च करतो, तोही न विचारता.

नव्या पिढीला नोकरीत याचा उपयोग होईलच, पण सुरुवात घरापासून करता येईल. आपली वार्षिक सभा दरवर्षी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी पुन्हा भरते. आता तर सभासद मुळातच अर्ध्या तासाने येतात! पंचवीस वर्षे आपण हे चालवले. सव्विसाव्या वर्षीची सभा नोटिशीतल्या वेळेवर सुरू करू या. वेळेवर येऊन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसणाऱ्या आठ-दहा मंडळींनाही तेवढेच बरे वाटेल.