फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीच्या पियानोपासून रॉकच्या शिखरापर्यंत

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक समूहाचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा चौथा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रकाशित झाला. तोपर्यंत समूहाला प्रसिद्धी मिळाली होती, पैसा मात्र मिळाला नव्हता. हा अल्बम अपयशी ठरता, तर समूहाचे भवितव्यच धोक्यात आले असते. या समूहाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांची संगीतातील जडणघडण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाली होती.

त्यांचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बोमी हे तेथील ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षी फारुख यांना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. तेथे ते पियानो शिकले आणि मित्रांमध्ये ‘फ्रेडी’ झाले. १९५८ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला. त्यात ते पियानो वाजवीत. मुख्य गायक दुसराच होता.

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. लंडनमध्ये कलाशिक्षण घेतल्यानंतर १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्यांनी ‘क्वीन’ची उभारणी केली.

या अल्बममधील ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे मर्क्युरी यांनी रचलेले गीत. तिघांचे आवाज ध्वनिफितीवर थरावर थर चढवून मुद्रित करण्यात आले आणि त्यातून भव्य समूहगानाचा परिणाम साधला गेला. जवळपास सहा मिनिटांचे हे गीत रेडिओवर वाजणार नाही, अशी शंका व्यक्त झाली. परंतु समूहाने ते कापण्यास नकार दिला. हे गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. अल्बमनेही पहिला क्रमांक पटकावला आणि समूहाची आर्थिक विवंचना संपली.

आपणास एड्स झाल्याचे मर्क्युरी यांनी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे लंडन येथे निधन झाले. त्यांच्यावर पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा अग्रस्थानी पोहोचले. या वेळचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आले.