नसबंदीत रक्ताची नस कापतच नाहीत! पुरुषांच्या शरीराबद्दल उघड बोलणारे र. धों. कर्वे

पुरुष नसबंदीचा विषय निघाला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. नस कापली तर रक्त कसं पोहोचणार? अंगातली ताकद गेली तर शेतीची कामं कोण करणार? वाशिमचं खेडं असो की मुंबईची चाळ, भीती तीच.

अशा भीतीवर खरी माहिती हाच उपाय, असं मानणारा एक गणिताचा प्राध्यापक शंभर वर्षांपूर्वी मुंबईत होता. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

कोण होते र. धों.?

जन्म 14 जानेवारी 1882, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळात घरोघरी बायका अशाच जात होत्या. एकामागून एक बाळंतपणं आणि खंगत जाणारं शरीर, याला लोक नशीब म्हणायचे. र. धों. नशीब मानणारे नव्हते.

ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला जाऊन आले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असंच केंद्र उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती!

कॉलेजला मात्र हे पटेना. नोकरी की काम, असा प्रश्न आला तेव्हा 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई खंबीरपणे सोबत राहिल्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ दिलं नाही.

मासिक आणि कोर्टाची पायरी

जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. जे प्रश्न लोक डॉक्टरलाही विचारायला लाजत, ते इथे विचारले जायचे आणि उत्तरं सरळ भाषेत छापली जायची.

खरं तर हा विषय आपल्या मातीला नवा नाही. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त या वत्सगुल्माचा उल्लेख आहे. पण 1930 च्या दशकात अशा लिखाणावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. 1934 च्या खटल्यात र. धों.चे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, तरी मासिक थांबलं नाही.

मग नस कापल्यावर रक्ताचं काय?

घोटाळा 'नस' या शब्दातच आहे. नसबंदीत कापतात ती शुक्रवाहिनी. ती रक्ताची नळी नाही. शुक्रजंतूंना वृषणातून पुढे नेणं, एवढंच तिचं काम.

वृषणाला रक्त देणारी मुख्य धमनी थेट पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या जरा खालून निघते. इतक्या लांबून का? कारण आईच्या पोटात असताना बाळाचे वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होतात. नंतर ते खाली उतरतात आणि आपली धमनी सोबत घेऊन येतात. शिवाय मदतीला आणखी दोन लहान धमन्या असतात. शस्त्रक्रियेत डॉक्टर शुक्रवाहिनी या रक्तवाहिन्यांपासून बाजूला काढून बंद करतात.

लिंगाचा रक्तपुरवठा तर वेगळ्याच वाटेने, ओटीपोटातल्या धमनीतून येतो. ताठरता त्याच रक्तामुळे येते. पुरुषी हार्मोन शुक्रवाहिनीतून जात नाही, ते थेट रक्तात मिसळतं. म्हणून ताकद, इच्छा, दाढीमिशा सगळं जसंच्या तसं राहतं. वीर्यही येतं, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि वीर्याची तपासणी करून खात्री करावी लागते.

आज कुठे आहोत?

1952 मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. जे सांगितलं म्हणून र. धों.ची नोकरी गेली, तेच सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले. मासिक त्यांनी शेवटपर्यंत, तब्बल 26 वर्षं चालवलं.

आता हा आकडा बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं फक्त 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडता काही मिनिटांत होणारी आणि सरकारी रुग्णालयात मोफत असूनही!

बाळंतपण बाईनेच सोसायचं आणि नंतरचं ऑपरेशनही तिनेच. र. धों. जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी एका न कापलेल्या नसेची भीती अजून तिलाच भोवतेय.