पत्त्याच्या कोपऱ्यातली सही

जुनी नाणी, टपाल तिकिटे, आगपेट्यांवरील चित्रे जमविणारे संग्राहक आपल्या परिचयाचे आहेत. जुने टॅरो पत्ते जमविणाऱ्यांचेही असेच एक जग आहे आणि त्या जगात लंडनमध्ये डिसेंबर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅटला मानाचे स्थान आहे. पाठीवर गुलाब आणि लिलीच्या फुलांची नक्षी असलेला त्याच्या अगदी सुरुवातीच्या छपाईचा पूर्ण कॅट हाती लागणे, हे संग्राहकाचे भाग्यच समजले जाते. ‘रायडर-वेट’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. रायडर हे प्रकाशकाचे नाव, तर वेट हे संकल्पकाचे. त्यातील ७८ चित्रे मात्र पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रेखाटली होती. कॅटच्या नावात तिचे नाव येण्यासाठी तब्बल एक शतक जावे लागले.

पामेलाचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनमधील पिम्लिको भागात झाला. आई-वडील अमेरिकन. बालपणीची काही वर्षे मँचेस्टरमध्ये गेली. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब जमैकात गेले. तेथे ऐकलेल्या, अनान्सी नावाच्या चतुर कोळ्याच्या लोककथा तिच्या मनात घर करून राहिल्या. वयाच्या पंधराव्या वर्षी तिने न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशाळेत प्रवेश घेतला. परंतु पदवी न घेताच १८९७ मध्ये ती तेथून बाहेर पडली. त्याच्या आदल्या वर्षी आईचे निधन झाले होते. १८९९ मध्ये तिने सचित्र केलेल्या अनान्सीच्या कथा पुस्तकरूपाने आल्या आणि त्याच वर्षी वडीलही गेले. एकविसाव्या वर्षी पामेला पोरकी झाली.

लंडनच्या लायसियम नाट्यसंस्थेने तिला आधार दिला. विख्यात अभिनेत्री एलन टेरी, नटश्रेष्ठ हेन्री आयर्व्हिंग आणि ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर या मंडळींत ती ‘पिक्सी’ या लाडक्या नावाने वावरू लागली. रंगभूमीची वेशभूषा, नेपथ्य आणि पात्रांची देहबोली तिने जवळून न्याहाळली. १९०३ मध्ये तिने ‘द ग्रीन शीफ’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. त्याचे १३ अंक निघाले. संगीत ऐकताना मनात उमटणाऱ्या आकृती कागदावर उतरविण्याची तिची पद्धत विलक्षण होती. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कमधील आपल्या कलादालनात जानेवारी १९०७ मध्ये तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्या दालनात छायाचित्रांखेरीज अन्य कलाकृती मांडल्या जाण्याची ती पहिलीच वेळ होती. नाव होत होते, पैसा मात्र हाती येत नव्हता.

१९०१ मध्ये पामेला ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या अभ्यासकांच्या मंडळात सामील झाली होती. तेथेच तिची आर्थर एडवर्ड वेट या लेखकाशी ओळख झाली. टॅरो हा मूळचा पंधराव्या शतकातील उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्यकथनाशी आणि गूढविद्येशी त्याचा संबंध जोडला गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. या पत्त्यांचा नवा कॅट काढावा, असे वेटच्या मनात होते. त्याने पामेलाकडे काम सोपविले आणि १९०९ मध्ये सुमारे सहा महिन्यांत तिने ते पूर्ण केले.

टॅरोच्या कॅटमध्ये २२ मोठे पत्ते असतात. उरलेले ५६ पत्ते दंड, चषक, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत विभागलेले असतात. जुन्या कॅटमध्ये या ५६ पैकी साध्या पत्त्यांवर बहुधा चिन्हेच मांडलेली असत. पंजी म्हणजे पाच नाणी, एवढेच. पामेलाने यातील प्रत्येक पत्त्यावर एकेक प्रसंग उभा केला. नाण्यांच्या अठ्ठीवर बाकावर बसून काम करणारा कारागीर आहे. पंजीवर उजळलेल्या खिडकीखालून बर्फात चाललेली दोन दरिद्री माणसे आहेत. तलवारींच्या तिर्रीवर तीन तलवारींनी विद्ध झालेले हृदय आहे. या चित्राचे साम्य ‘सोला बुस्का’ या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या इटालियन कॅटशी दिसते. त्या कॅटची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. ती पामेलाने पाहिली असावीत, असे अभ्यासक मानतात. मोठ्या पत्त्यांबाबत वेटचे मार्गदर्शन होते. साध्या पत्त्यांवरील प्रसंग मात्र बव्हंशी पामेलाच्याच कल्पनेतून साकारले, असे समजले जाते. एवढ्या मोठ्या कामाचा मोबदला अगदीच तुटपुंजा असल्याचे तिने स्टिग्लिट्झला त्याच वर्षी पत्राने कळविले होते.

पुढील काळात तिने स्त्रियांच्या मताधिकारासाठी भित्तिचित्रे केली, पुस्तके सजविली. १९११ मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. पहिल्या महायुद्धानंतर वारशाने मिळालेल्या पैशांतून तिने कॉर्नवॉलमधील लिझर्ड द्वीपकल्पावर घर घेतले आणि धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालविले. चित्रकलेतून होणारी प्राप्ती आटत गेली. १८ सप्टेंबर १९५१ रोजी कॉर्नवॉलमधील ब्यूड या गावी, वयाच्या ७३व्या वर्षी तिचे निधन झाले. घरातील वस्तू कर्ज फेडण्यासाठी विकाव्या लागल्या. मृत्युपत्रात जिचे नाव होते, त्या मैत्रिणीच्या हाती काहीच आले नाही. पामेलाच्या थडग्यावर तिच्या नावाचा दगडही नव्हता.

१९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन प्रकाशक आणि संग्राहक स्टुअर्ट कॅप्लनने हा कॅट पुन्हा छापला आणि तो घरोघरी पोहोचला. मागोमाग संग्राहक जुन्या प्रतींचा शोध घेऊ लागले. सुरुवातीच्या छपाया शिळाछापाच्या तंत्राने झाल्या होत्या. चित्रे पुन्हा नव्याने उतरविली गेली की रेघांमध्ये सूक्ष्म फरक पडत. संग्राहकांनी भिंग लावून रेघा, रंगछटा, कागदाची जाडी आणि पाठीवरची नक्षी ताडून पाहिली व छपायांची वर्गवारी केली. या वर्गांना त्यांनी वेटचे वा रायडरचे नाव दिले नाही. ‘पाम-ए’, ‘पाम-बी’, ‘पाम-सी’ आणि ‘पाम-डी’ अशी पामेलाच्याच नावावरून नावे दिली.

हे नाव त्यांना दूर शोधावे लागले नाही. जवळपास प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात नागमोडी वळणाची, तिच्या आद्याक्षरांची सही आहे. भविष्य पाहणाऱ्याचे लक्ष चित्रातील अर्थाकडे असते. जुन्या छपाईची पारख करणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघ तपासावी लागते आणि ती सही टळत नाही. २००९ मध्ये, कॅटच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या आवृत्तीचे नाव ‘स्मिथ-वेट’ असे ठेवले गेले. त्यात चित्रकर्तीचे नाव आधी आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने तिच्या पिढीतील अमेरिकन चित्रकारांच्या प्रदर्शनात तिलाही स्थान दिले.

पामेलाने काढलेल्या मूळ चित्रांचा ठावठिकाणा आजही लागलेला नाही. म्हणूनच आरंभीच्या छपाईतील प्रत्येक पत्ता तिच्या हातच्या रेषेच्या सर्वांत जवळचा उरलेला पुरावा ठरतो. अशा पत्त्यांसाठी लिलावात चढाओढ होते, मोठ्या रकमा मोजल्या जातात. त्यातला एक पैसाही जिच्या वाट्याला आला नाही, तिची सही मात्र त्या पत्त्यांसोबत हातोहात फिरते आहे.